डावीकडचा ब्रेक

मास्तरांच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक उजवीकडे, चालवणाऱ्याच्या पायाशी, सगळ्या गाड्यांना असतो तसा. दुसरा डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला असा जास्तीचा ब्रेक असतोच, कारण शिकणारा ऐन वेळी नको ते दाबतो आणि मग शिकवणाऱ्याला दोघांचेही जीव वाचवावे लागतात. मास्तरांचा उभा जन्म त्या डाव्या सीटवर गेला. शाळा बंद केली तेव्हा त्यांनी छपरावरची पाटी उतरवली. मागच्या काचेवरची अक्षरं मात्र खरवडूनही निघेनात, त्यामुळे शाळेचं नाव आणि खाली घरचा पत्ता तसाच राहिला. डावीकडचा ब्रेक त्यांनी मुद्दामच काढला नाही. आता त्या सीटवर मास्तरीणबाई बसत.

मास्तरीणबाई हे नाव शिकायला येणाऱ्या मुलींनी पाडलेलं. बाई शाळेचा फोन घेत, पहिल्या दिवशी हातपाय गळालेल्यांना पाणी देत, परीक्षेत नापास झालेल्यांची समजूत काढत. गाडी मात्र त्यांना येत नव्हती. लग्न झाल्या झाल्या मास्तरांनी एकदा शिकवायला घेतलं होतं. परक्यांच्या पोरांनी गाडी भिंतीवर नेली तरी ज्या माणसाचा आवाज चढायचा नाही, तो माणूस बायकोने चढावर क्लच झटकन सोडल्याबरोबर असा काही ओरडला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. बाईंनी शांतपणे पर्स उचलली, दार उघडलं आणि घरापर्यंत चालत आल्या. मागून मास्तर गाडी मुंगीच्या पावलांनी चालवत, खिडकीतून विनवण्या करत आले. बाईंनी त्या दिवशी कानाला खडा लावला तो लावलाच.

म्हातारपणी मास्तरांचे डोळे दगा द्यायला लागले. समोरचं अजून लख्ख दिसायचं, पण डाव्या कडेचं विझत चाललं होतं. हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, म्हणजे फाटकाच्या खांबाने गाडीच्या डाव्या मागच्या दारावर लांबलचक ओरखडा काढून झाला होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, जपून चालवा, एकटे चालवू नका. दुसऱ्या गावी राहणारी लेक फोनवरच कडाडली, "बाबा, किल्ली आईकडे द्या, आत्ताच्या आत्ता." बरीच घासाघीस होऊन शेवटी करार ठरला. मास्तरांनी गाडी चालवायची ती बाई शेजारी असतानाच, आणि बाईंचा पाय कायम ब्रेकवर.

खरं सांगायचं तर दोघांनाही हा करार फार मानवला. संध्याकाळ झाली की गाडी तलावाकडे निघायची. मास्तर स्टिअरिंग सांभाळायचे, बाई ब्रेक. आणि बाई ब्रेक कसा सांभाळायच्या! लांबवर एखादं कुत्रं नुसतं आळस देताना दिसलं तरी गाडी जागच्या जागी उभी. "अगं, ते झोपलंय," मास्तर म्हणायचे. "उठलं असतं तर?" बाई म्हणायच्या. मग तलावाच्या काठाला गाडी लावून, काचा खाली करून, दोघं शेंगा सोलत अंधार पडेपर्यंत बसायची. आयुष्यभर मास्तरांच्या शेजारी दुसऱ्याच कोणाचं तरी पोर असायचं. शेजारी आपली बायको असण्याचं सुख त्यांना आत्ता कुठे मिळत होतं, आणि ते जाईल हा विचारही त्यांना सहन व्हायचा नाही.

म्हणूनच त्यांनी तो मूर्खपणा केला. बाई बहिणीकडे गेलेल्या बघून, केस कापून येतो असं सांगून ठेवून, मास्तर एकटेच गाडी काढून डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. पुन्हा तपासून घ्यावं, डॉक्टर जे काही बोलतील ते आधी आपण एकट्याने ऐकावं, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरांनी यंत्रात डोकं ठेवायला लावलं, बारीक बारीक दिवे दाखवले. दिवा दिसला की बटण दाबायचं. डावीकडे दिवे लागत होते म्हणे. मास्तरांचा अंगठा काही हलला नाही.

"आता गाडी बंद," डॉक्टर म्हणाले. "आजपासून."

आजपासून म्हणाले, आणि गाडी तर बाहेर गल्लीत उभी. टॅक्सी करून घरी जायला हवं होतं. पण गाडी दवाखान्यासमोर टाकून गेलो तर बाईंना काय सांगायचं? मास्तर शेवटचं म्हणून सीटवर बसले आणि जीव मुठीत धरून घरी आले. गल्लीच्या वळणावर डावीकडून काहीतरी खडखडलं. खड्डा असेल, असं म्हणून त्यांनी गाडी पुढे घेतली. पण तो आवाज काही त्यांच्या कानातून गेला नाही.

बाईंना त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही. संध्याकाळी तलावावर जायची वेळ झाली की कधी डोकं दुखायचं, कधी टायरमध्ये हवा कमी वाटायची. बाई "बरं" म्हणायच्या आणि डब्यातल्या शेंगा परत बरणीत ओतायच्या. एरवी एवढ्यातेवढ्यासाठी खनपटीला बसणारी बायको नुसतं बरं म्हणते, याचं मास्तरांना नवल वाटायला हवं होतं. पण स्वतःच्या गुपितात बुडालेल्या माणसाला दुसऱ्याचं तोंड कुठे वाचता येतं.

असेच काही दिवस गेले आणि एका सकाळी तो माणूस आला.

चाळिशी उलटलेला, कपाळावरून केस मागे हटलेला, अंगात पार्सल पोचवणाऱ्या कंपनीचं जाकीट. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. फाटकाबाहेर त्याची स्कूटर उभी होती. तिचा मागचा दिवा फुटला होता आणि एक बाजू पार खरवडून निघाली होती.

"ही गाडी तुमचीच ना?" तो म्हणाला. "तुम्ही मला उडवलंत."

मास्तर पायरीवर उभे होते. त्यांनी बाजूच्या कठड्याला हात लावला.

"कुठे?"

"डोळ्यांच्या दवाखान्याच्या गल्लीत. गेल्या मंगळवारी. वळणावर डाव्या अंगाने घासलंत, मी पडलो, आणि तुम्ही सरळ निघून गेलात. मागच्या काचेवर पत्ता होता म्हणून सापडलात, नाहीतर माझ्यासारख्याने कुठे शोधायचं?"

गल्ली तीच. वळण तेच. मंगळवारही तोच. तो माणूस गाडीजवळ गेला आणि डाव्या मागच्या दारावरच्या ओरखड्यावर त्याने बोट ठेवलं. "हे बघा. हे कशाचं आहे मग?"

ते फाटकाच्या खांबाचं आहे, असं मास्तरांनी म्हणायला हवं होतं. तुम्ही आम्ही म्हटलं असतं. पण मास्तर वाकून ओरखडा बघत राहिले. जुन्या ओरखड्यावर नवा ओरखडा उमटला असेल तर ओळखायचं कसं? शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ते सांगायचे की जे दिसतं त्याने अपघात होत नाही, जे दिसत नाही त्याने होतो. एवढं पढवून शेवटी आपणच एका माणसाला आडवा केला, आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

"फार लागलं का हो?" त्यांनी विचारलं.

माणूस जरा बावचळला. तो भांडायच्या तयारीने आला होता. "लागलं म्हणजे... हात वळत नाही."

"आत या. उन्हात उभे राहू नका."

त्यांनी त्याला पुढच्या खोलीत नेलं, पंख्याखालची खुर्ची दिली, पट्टीला धक्का लागू नये म्हणून टेबल बाजूला सरकवलं. स्वतः समोर बसले. भिंतीवर अजून वाहतुकीच्या खुणांचा तक्ता होता, टोकं मुडपलेला. त्याच्याखाली बसून कितीतरी जणांनी त्यांच्याकडून नियम पाठ केले होते.

"मला तुम्ही दिसला नाहीत," मास्तर म्हणाले. "हे काही मी सबब म्हणून सांगत नाही. एक आवाज आला होता. मी थांबायला हवं होतं. चला, आधी तुमचा हात चांगल्या डॉक्टरला दाखवू, मग मी पोलिसात येतो तुमच्याबरोबर."

"पोलीस कशाला?" तो माणूस घाईघाईने म्हणाला. "मी दाखवलाय हात. स्कूटरचं काय ते बघा आणि आपल्या आपल्यात मिटवून टाकू. उगाच तुम्हाला या वयात चकरा."

"नाही, नाही. चकरा मारायलाच हव्यात. मी गाडी विकतो. त्याचं जे येईल ते..."

"अहो, गाडी विकायला कुठे सांगतोय मी!"

असा प्रकार चालला होता. ज्याने झगडून घ्यायचं तो कमी करत होता, आणि ज्याने द्यायचं तो वाढवत होता. मास्तर इतर कोणाचा खटला चालवत असते तर त्यांना यात खोट दिसली असती. पण माणूस स्वतःचाच न्यायाधीश झाला की आरोपीचं म्हणणं ऐकायचंच विसरतो.

तेवढ्यात आतल्या दारातून बाई बाहेर आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या तांब्या धरण्यावरूनच कळत होतं. डोळ्यांचा दवाखाना हा शब्दही त्यांनी ऐकला असणार. मास्तरांनी मान खाली घातली. आता ही विचारणार, दवाखान्यात कधी गेलात, कोणाबरोबर गेलात.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. तांब्या टेबलावर ठेवून त्या सरळ पाहुण्यापुढे उभ्या राहिल्या.

"हे बघा भाऊ, मी होते गाडीत," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी चमकून वर बघितलं.

"मी यांच्या शेजारी बसले होते. आमच्या गाडीला डावीकडे ब्रेक आहे, आणि माझा पाय त्याच्यावर असतो. यांना नाही दिसलं तरी मला दिसतं. तुम्ही आडवे आला असतात तर गाडी तिथेच थांबली असती. आम्ही कोणाला धक्का दिलेला नाही."

बोलताना बाईंचा आवाज खणखणीत होता, पण पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. हे मास्तरांनाच दिसलं. खोटं बोलायची सवय नसलेली ही बाई. शेजारणीला साखर संपली म्हणून सांगतानाही हिचे कान लाल व्हायचे. ती आज आपल्यासाठी एका अनोळखी माणसासमोर साक्षीदार होऊन उभी आहे. मास्तरांना इतकी लाज वाटली आणि इतकं भरून आलं की यातलं आधी काय आणि मागून काय, त्यांना सांगता आलं नसतं.

माणसाने बाईंकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा बाईंकडे. एक घोट पाणी प्यायला.

"होतात ना तुम्ही," तो म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय? शेजारीच बसला होतात. मी पडलो तेव्हा तुम्ही मागे वळून बघितलंत माझ्याकडे. चांगली नजरानजर झाली आपली. मी हात केला, तर तुम्ही काच वर करून घेतलीत."

"मी?" बाई ओरडल्या. "मी काच वर केली? रस्त्यात माणूस पडलाय आणि मी काच वर करीन?"

"केलीत की. म्हणून तर जास्त वाईट वाटलं."

"अहो, ऐकलंत का! हा काय म्हणतोय बघा! माझ्यासमोर चिमणी पडली तरी मी चपला न घालता धावते!"

बाई मुळात तिथे नव्हत्याच, हे त्यांच्या ध्यानातूनच गेलं होतं. न बसलेल्या गाडीची वर न केलेली काच त्यांना इतकी झोंबली की त्यांनी टेबलावरचा तांब्या उचलून पुन्हा दणकन ठेवला.

मास्तर मात्र एकदम शांत झाले होते. क्लच नीट सुटला की गाडी हिसका न देता जशी अलगद पुढे सरकते, तसं त्यांच्या डोक्यात काहीतरी सरकलं. शेजारची सीट त्या दिवशी रिकामी होती. तिच्यावर फक्त डॉक्टरांच्या कागदांची पिशवी होती. या माणसाने पिशवीबरोबर नजरानजर केली होती काय?

हे बोलून दाखवलं की आपण सुटलो. पण बोलायचं तर ते एकटे गेले होते हे बोलायचं, करार मोडला हे बोलायचं, आणि त्यामागून डॉक्टर काय म्हणाले तेही येणारच. तलाव संपला. मास्तरांनी एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, एकदा बाईंच्या बोटाला आवळून बसलेल्या पदराकडे.

"ही गाडीत नव्हती," ते म्हणाले.

"अहो!" बाईंनी डोळे मोठे केले. एवढा आटापिटा करून रचलेलं हा माणूस एका फटक्यात पाडतोय, असं त्यांना वाटलं.

"नव्हतीस तू. तू बहिणीकडे होतीस. मी एकटा होतो. आणि मी एकटा होतो, तर भाऊ, तुम्ही बघितलंत कोणाला? काच कोणी वर केली?"

माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. घाईत नीट आठवत नाही असं काहीतरी तो पुटपुटला. मग पट्टीचा हात वर करून त्याने सवयीने कपाळ पुसलं. हात चांगला वळत होता. तेही त्याच्या लक्षात आलं, आणि तो तसाच हात मांडीवर ठेवून खाली बघत बसला.

"गाडी दवाखान्याबाहेर उभी असताना बघितली होती," तो हळूच म्हणाला. "ओरखडा दिसला. पत्ता दिसला. मी त्याच सकाळी घसरून पडलो होतो, दुसरीकडेच. स्कूटर मालकाची आहे. तो म्हणतो भरून दे, नाहीतर कामावर येऊ नकोस. मग डोक्यात आलं."

आणि मग बाईंचा बांध फुटला. "लाज वाटते का? म्हाताऱ्या माणसाचा नुसता जीव घेतलात! किती घाबरले हे, बघितलंत का? आणि तुमच्यामुळे मला खोटं बोलावं लागलं! या वयात! मी कधी..." त्या धपकन खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

"बाई, चुकलो," माणूस म्हणाला. तो उठून उभा राहिला होता, पण जायचं की थांबायचं हे त्याला कळत नव्हतं. "खरं सांगू का, मी आल्या आल्याच परत फिरणार होतो. मी म्हटलं तुम्ही उडवलंत, आणि हे लगेच विचारतात फार लागलं का. असं कोणी विचारत नाही हो. मलाच कसंतरी झालं. पण तोपर्यंत बोलून बसलो होतो."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. रागवावं असं त्यांना वाटत होतं, पण राग सापडेना. "कसे पडलात?" त्यांनी विचारलं.

"खडी होती. वळताना ब्रेक मारला."

"पुढचा मारला असणार."

"हो."

"खडीवर पुढचा ब्रेक मारायचा नाही. मागे पार्सलांचं ओझं असताना तर मुळीच नाही. वेग आधी कमी करायचा, वळणाच्या अलीकडे." मग जरा थांबून ते म्हणाले, "चौकातल्या गॅरेजवाल्याला मीच शिकवलंय. त्याला म्हणावं मास्तरांनी पाठवलं. मागचा दिवा, पत्रा, बघून देईल तो. वेळ देईल."

"त्याला काय करायचंय आपल्या ओळखी सांगून?" बाई पदराआडून म्हणाल्या. "उद्या गॅरेजवाल्याचीच गाडी अंगावर घालून घेईल." पण त्यांच्या आवाजातला जोर गेला होता. माणूस दाराशी गेला. तिथे त्याने पट्टी सोडली, तिची नीट गुंडाळी केली आणि खिशात घातली. मग मान खाली घालून पायऱ्या उतरला.

स्कूटरचा आवाज लांब गेला.

"तुला कसं कळलं मी गाडी नेली होती ते?" शेवटी मास्तरांनी विचारलं.

"केस कापायला म्हणून गेलात, आणि होते नव्हते तेवढे सगळे केस डोक्यावर घेऊन परत आलात. आणि इंजिन गरम होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." बाईंनी डोळे पुसून पदर सरळ केला. "वाटलं होतं एवढ्या वर्षांत तेवढं तरी कमावलं असेल मी."

ही गोष्ट मास्तरांना त्या खोट्या अपघातापेक्षा जास्त लागली. ते उठले, बाईंच्या खुर्चीशेजारी आले आणि उभ्याउभ्याच बोलायला लागले. यंत्रातल्या दिव्यांबद्दल सांगितलं. न हललेल्या अंगठ्याबद्दल सांगितलं. आजपासून बंद म्हणाले तरी आपण गाडी घरी आणली, हेही सांगितलं. "तो खोटं बोलत होता," ते म्हणाले. "पण मला ते ठरवता आलं नाही, हे बघ. माणूस घरी येऊन म्हणतो तुम्ही मला उडवलं, आणि मला नाही म्हणता येत नाही. तू खोटं बोललीस म्हणून मला कळलं. आज तो खोटा निघाला. उद्या कोणी खरा येईल. मग काय करायचं?"

बाईंनी त्यांचा हात धरला. "तुम्हाला एकट्याला ऐकायला लागलं ते," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि मग दोघंही रडली. रडून झाल्यावर बाईंनी उठून तोंड धुतलं.

मास्तरांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. लेकीला फोन करून सांगतो म्हणाले, गिऱ्हाईक बघायला सांगतो. बाईंनी किल्लीकडे बघितलं.

"विकायची कशाला?" त्या म्हणाल्या. "मला शिकवा."

मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पण आधीच सांगून ठेवते. ओरडलात तर उतरून चालायला लागेन."

"उतरायच्या आधी गाडी थांबवावी लागते," मास्तर म्हणाले. "तेवढं तरी शिकून घे."

बाईंनी शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेसाठी असा काही अभ्यास केला की स्वयंपाक करताना वाहतुकीच्या खुणा म्हणायच्या. लेकीला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे आधी हसू आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. लायसन्स मिळाल्यावर एका सकाळी मास्तरांनी गाडी बाहेर काढवली ती गॅरेजवाल्याकडून. त्याने ती गावाबाहेरच्या बंद कारखान्याच्या मैदानात नेऊन उभी केली. "बाई, ऑल द बेस्ट," असं म्हणून तो गालातल्या गालात हसत पायीच परत गेला. जाता जाता एवढं सांगून गेला की तो पार्सलवाला येऊन दिवा बसवून घेऊन गेला, आणि आता खडी दिसली की उतरून स्कूटर ढकलत नेतो.

बाई उजवीकडे बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा हलवला, पुन्हा हलवला. मास्तर डावीकडे बसले. किती दिवसांनी ते आपल्या जागेवर बसले होते. पाय आपोआप त्या जुन्या ब्रेकवर गेला आणि त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बेडकासारखी उडी मारून बंद पडली. तिसऱ्यांदा बाईंनी क्लच असा सोडला की मास्तरांचं डोकं पुढे गेलं आणि मागे आलं. ओरडायला त्यांनी तोंड उघडलंही. बाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं आणि एक हात पर्सकडे नेला.

"हळूच," मास्तर म्हणाले. "घाई नाही आपल्याला. सावकाश सोड. मी आहे."

चौथ्यांदा गाडी चालली. मैदानाच्या कडेकडेने, पडक्या भिंतीजवळून, चिंचोळ्या फाटकाकडे. बाईंची जीभ दातात होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले. मास्तर समोर बघत होते. समोर लख्ख ऊन होतं, मोकळी जमीन होती, सगळं रिकामं होतं. त्यांचा पाय ब्रेकवर सैल पडला होता.

आणि गाडी थांबली. हिसका न देता, अलगद, एखाद्या मुरलेल्या ड्रायव्हरने थांबवावी तशी.

"काय झालं?" मास्तर म्हणाले. "चांगली चालली होती की."

डावीकडून, भिंतीच्या आडून निघालेला एक सायकलवाला गाडीच्या पुढ्यातून गेला. मागे बांधलेली दुधाची किटली वाजत होती. जाता जाता त्याने आभाराचा हात केला. मास्तरांना तो दिसला तो अगदी समोर आल्यावर. त्यांचा पाय जागचा हललाच नव्हता. डावीकडचा ब्रेक कोणी दाबलाच नव्हता, आणि तरीही गाडी वेळेवर थांबली होती.

"दिसला नाही ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. इतक्या दिवसांत हा शब्द त्यांना इतका सोपा कधी गेला नव्हता.

"मला दिसला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.